वकालतनाम्याविना वकिली : लुई जॉन्सन, १९४२ ची दिल्ली आणि नगरचा किल्ला

अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, भुईकोट किल्ल्यात ऑगस्ट १९४२ पासून १९४५ च्या मार्च-एप्रिलपर्यंत काँग्रेस कार्यसमितीचे सदस्य स्थानबद्ध होते, हे नगर जिल्ह्यात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्या तटांआड पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले आणि मौलाना आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’मधील पत्रे लिहिली, हेही आवर्जून सांगितले जाते. मात्र ज्या तडजोडीमुळे ही स्थानबद्धता कदाचित टळली असती, ती त्याआधी चारच महिने, एप्रिल १९४२ च्या दुसऱ्या आठवड्यात, दिल्लीत अगदी हाताशी आली होती आणि ती तिथवर आणण्यात वेस्ट व्हर्जिनियातील एका अमेरिकन वकिलाचा मोठा वाटा होता, ही गोष्ट किल्ल्याच्या इतिहासात क्वचितच नोंदली जाते. लुई आर्थर जॉन्सन हे त्यांचे नाव. अमेरिकेत त्यांची आठवण काढली जाते ती एक वादग्रस्त संरक्षणमंत्री म्हणून, आणि भारतातील त्यांच्या सहा आठवड्यांच्या कामगिरीला तिकडच्या चरित्रलेखनात फारशी जागा मिळत नाही. नगरच्या बाजूने पाहिले तर मात्र तीच त्यांच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाची कामगिरी ठरते.

जॉन्सन यांचा जन्म १० जानेवारी १८९१ रोजी व्हर्जिनिया राज्यातील रोअनोक या गावी झाला. व्हर्जिनिया विद्यापीठातून १९१२ मध्ये कायद्याची पदवी घेतल्यानंतर ते शेजारच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील क्लार्क्सबर्ग येथे गेले आणि तेथे फिलिप स्टेप्टो यांच्यासह त्यांनी ‘स्टेप्टो अँड जॉन्सन’ ही वकिली संस्था काढली, जिला पुढे देशभर नाव मिळाले. पंचविशी ओलांडताच ते राज्याच्या विधिमंडळात निवडून आले आणि तेथे सत्ताधारी पक्षाचे सभागृहनेते झाले. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये लढले. परतल्यावर माजी सैनिकांच्या ‘अमेरिकन लीजन’ या संघटनेच्या उभारणीत त्यांनी भाग घेतला आणि १९३२-३३ मध्ये ते तिचे राष्ट्रीय प्रमुख झाले. गावातील वकिली, राज्यातील राजकारण आणि माजी सैनिकांची संघटना या तीन पायऱ्यांवरून ते वॉशिंग्टनला पोहोचले. १९३७ मध्ये अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी त्यांना युद्धखात्याचे सहायक मंत्री नेमले. अमेरिकेने युरोपच्या भांडणात पडू नये असे मानणाऱ्या आपल्याच मंत्र्याशी, हॅरी वुडरिंग यांच्याशी, जॉन्सन तीन वर्षे उघडपणे झगडले आणि देशाने शस्त्रास्त्रे, विशेषतः विमाने, वाढवली पाहिजेत असा आग्रह त्यांनी धरला. पुढच्या घटनांनी त्यांचा आग्रह योग्य ठरवला, तरी १९४० मध्ये वुडरिंग गेल्यावर मंत्रिपद त्यांच्या वाट्याला आले नाही. रूझवेल्ट यांनी ते हेन्री स्टिमसन या विरोधी पक्षाच्या, वयाने व अनुभवाने मोठ्या वकिलाला दिले. जॉन्सन यांच्या मनाला हे लागले. दिल्लीला आलेला माणूस असा होता: धडाडीचा, महत्त्वाकांक्षी, थोडा दुखावलेला, आणि कोणतेही भांडण मसुदा नीट लिहिला की मिटते यावर मनापासून विश्वास असलेला.

अमेरिकेच्या परराष्ट्र व्यवहारात वकिलांचा असा शिरकाव ही तेथील जुनी रीत आहे. त्या देशात १९२४ च्या कायद्याने परराष्ट्र सेवेची, म्हणजे परीक्षा देऊन भरती होणाऱ्या पगारी मुत्सद्द्यांची, एकत्रित घडी बसवली गेली. तरीही महत्त्वाच्या राजधान्यांत राजदूत म्हणून अध्यक्षांच्या विश्वासातील बाहेरची माणसे पाठवण्याची प्रथा चालूच राहिली आणि त्यांत वकिलांचा भरणा मोठा असे. स्वतंत्र भारतात अमेरिकेचे राजदूत म्हणून आलेले जॉन शर्मन कूपर आणि केनेथ कीटिंग हे दोघेही वकीलच होते, तर उलट दिशेने मुंबई उच्च न्यायालयाच्या वर्तुळातून मोहम्मद करीम छागला आणि नानी पालखीवाला हे वॉशिंग्टनला भारताचे राजदूत म्हणून गेले. जॉन्सन यांची नेमणूक मात्र या चौघांपेक्षा वेगळ्या प्रकारची होती. १९४२ मध्ये भारत सार्वभौम नसल्यामुळे तेथे राजदूत पाठवणे शक्यच नव्हते. नोव्हेंबर १९४१ मध्ये दिल्लीत अमेरिकेचा आयुक्त आणि वॉशिंग्टनमध्ये गिरिजाशंकर बाजपेयी हे भारताचे ‘एजंट जनरल’ अशी अर्धवट सोय झाली होती, आणि बाजपेयी हेही अखेर ब्रिटिश राजवटीचेच अधिकारी होते. म्हणून मार्च १९४२ मध्ये रूझवेल्ट यांनी जॉन्सन यांना आपला ‘व्यक्तिगत प्रतिनिधी’ केले. अध्यक्षांचा व्यक्तिगत प्रतिनिधी हे पद पूर्णपणे अध्यक्षांच्या मर्जीवर उभे असते; त्याच्या हाती राजदूताचे अधिकारपत्र नसते आणि त्याच्या शब्दाचे वजन किती, हे अध्यक्ष दर दिवशी नव्याने ठरवू शकतात. जॉन्सन यांच्याबाबतीत घोळ आणखी वाढला होता, कारण त्यांचे नाव आधी पुढे आले होते ते भारतातील युद्धोत्पादन कसे वाढवता येईल हे पाहणाऱ्या तांत्रिक मंडळाचे प्रमुख म्हणून. ते काम नंतर हेन्री ग्रेडी यांच्याकडे गेले, पण जॉन्सन कारखान्यांसाठी आले आहेत की राजकारणासाठी, हे ना लंडनला कळले होते ना दिल्लीला.

त्या वेळची घाई समजण्यासाठी काही तारखा ध्यानात घ्याव्या लागतात. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले, ८ मार्चला जपान्यांनी रंगून घेतले आणि बंगालचा उपसागर एकाएकी रणक्षेत्र झाला. ऑगस्ट १९४१ च्या अटलांटिक सनदेत प्रत्येक राष्ट्राला आपले शासन निवडण्याचा हक्क रूझवेल्ट आणि चर्चिल यांनी मिळून मान्य केला होता, पण पुढच्याच महिन्यात चर्चिल यांनी भारत त्या सनदेच्या कक्षेबाहेर काढला होता, आणि याची बोच अमेरिकन लोकमताला होती. १० मार्चला रूझवेल्ट यांनी चर्चिल यांना एक सूचना केली: १७८३ ते १७८९ या काळात, संविधान तयार होईपर्यंत, अमेरिकेच्या तेरा राज्यांनी जशी तात्पुरती सैल व्यवस्था चालवली, तशी एखादी हंगामी व्यवस्था भारतात करून पाहावी. कराचीपासून कलकत्त्यापर्यंतच्या गुंतागुंतीला फिलाडेल्फियाचे माप लावणारी ही सूचना भाबडी होती, पण तिच्यामुळे चर्चिल सावध झाले. सर स्टॅफर्ड क्रिप्स यांना भारतात पाठवण्याची घोषणा ११ मार्चला झाली आणि २३ मार्चला क्रिप्स दिल्लीत उतरले.

क्रिप्स स्वतः इंग्लंडमधील नामांकित बॅरिस्टर होते आणि ते ज्यांना भेटले त्यांत वकिलीची सनद नसलेला माणूस विरळा होता. नेहरू, जीना आणि ३० मार्चला दलितांच्या वतीने भेटलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे बॅरिस्टर होते. मूळचे मुंबईचे मुकुंदराव जयकर आणि अलाहाबादचे तेजबहादूर सप्रू या उदारमतवादी वकिलांच्या जोडीने संयुक्त निवेदन देऊन संरक्षण खाते भारतीय सदस्याकडे द्यावे, असे सुचवले. क्रिप्स यांच्या जाहीरनाम्याचे दोन भाग होते. युद्ध संपल्यावर संविधान सभा बोलावण्यात येईल, भारताला वसाहतीचे स्वराज्य मिळेल आणि नको असलेल्या प्रांताला बाहेर राहता येईल, हा पहिला भाग. युद्ध चालू असेपर्यंत संरक्षणाची जबाबदारी ब्रिटिश सरकारकडेच राहील, हा दुसरा. पहिल्या भागातील प्रांतांच्या तरतुदीवर गांधीजींचा तीव्र आक्षेप होता आणि चर्चेच्या सुरुवातीच्या टप्प्यानंतर ते सेवाग्रामला परतले. कार्यसमितीने मात्र दूरच्या वचनांपेक्षा तातडीच्या प्रश्नावर जोर दिला: शत्रू दाराशी असताना भारतीय मंत्र्याच्या हाती संरक्षण येणार की नाही?

जॉन्सन ३ एप्रिलला दिल्लीत पोहोचले तेव्हा चर्चा या मुद्द्यावर अडलेली होती. दिल्लीच्या सरकारी कागदपत्रांत ‘कर्नल जॉन्सन’ म्हणून येणारा हा पाहुणा एक-दोन दिवसांत व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो, सरसेनापती वेव्हेल, क्रिप्स आणि नेहरू यांच्यामध्ये निरोप पोहोचवू लागला. ७ एप्रिलला लंडनच्या संमतीने क्रिप्स यांनी काँग्रेसपुढे एक तोडगा ठेवला. त्यानुसार सरसेनापती व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ‘युद्धसदस्य’ म्हणून राहणार होते, आणि नव्याने नेमल्या जाणाऱ्या भारतीय ‘संरक्षण सदस्या’कडे जनसंपर्क, सैन्याची युद्धोत्तर घरवापसी, पेट्रोलपुरवठा, सैनिकांच्या सुखसोयी व कँटीन, छपाई आणि लेखनसामग्री अशी कामे येणार होती. व्हाइसरॉयचे कार्यकारी मंडळ हे नावाला मंत्रिमंडळासारखे असले तरी त्यातील सदस्य विधिमंडळाला जबाबदार नसत आणि व्हाइसरॉय त्यांचा निर्णय डावलू शकत. अशा मंडळातही जो भारतीय बसणार, त्याला युद्धाच्या ऐन धुमश्चक्रीत कँटीन आणि कोरे कागद सांभाळायला सांगणे हा काँग्रेसला अपमान वाटला. वाटणेही स्वाभाविक होते. देशाच्या संरक्षणासाठी लोकांनी उठावे, असे आवाहन त्या खात्याच्या मंत्र्याने करायचे आणि त्याच्या कपाटात मात्र फॉर्मचे गठ्ठे, ही मांडणी कोणाही स्वाभिमानी माणसाच्या गळी उतरणारी नव्हती.

जॉन्सन यांनी ८ एप्रिलला जो मसुदा पुढे आणला, तो वकिली बुद्धीचा उत्तम नमुना आहे. कामांची यादी लांबवायची की आखडायची या वादात ते शिरलेच नाहीत. त्यांनी यादीची दिशाच फिरवली. आधीच्या तोडग्यात सारे संरक्षण सरसेनापतीकडे आणि त्यातून वगळलेली ठराविक कामे भारतीयाकडे अशी रचना होती. जॉन्सन यांच्या मसुद्यात संरक्षण खाते भारतीय सदस्याकडे आणि त्यातून युद्धसदस्य या नात्याने सरसेनापतीने करावयाची ठराविक कामे तेवढी वगळायची, अशी रचना झाली. प्रत्यक्ष वाटणीत दोन्ही रचना बऱ्याच जवळ आणता येण्यासारख्या होत्या, कारण लढाईचे संचालन दोहोंतही वेव्हेल यांच्याकडेच राहणार होते. फरक पडत होता तो उरलेल्या, कोणत्याच यादीत न बसणाऱ्या अधिकारांत. कायद्याच्या भाषेत अशा अधिकारांना शेषाधिकार म्हणतात आणि ते ज्याच्याकडे, त्याच्याकडे सत्तेचे मूळ, हे भारतीय राजकारण्यांना १९३५ च्या भारत सरकार कायद्याने चांगलेच शिकवले होते, कारण त्या कायद्यात शेषाधिकार केंद्राला द्यायचे की प्रांतांना, या भांडणावर उपाय म्हणून ते गव्हर्नर जनरलच्या मर्जीवर सोपवले होते. त्यामुळे जॉन्सन यांच्या मसुद्यातील बदल नेहरूंच्या लगेच ध्यानात आला. मसुद्यावर काँग्रेसने दुरुस्त्या सुचवल्या, वेव्हेल यांच्या मताने क्रिप्स यांनी काही फेरफार केले, मतभेद झाल्यास अंतिम निर्णय ब्रिटिश सरकार देईल असे एक कलमही त्यात आले, आणि ८ ते ९ एप्रिलच्या दरम्यान तडजोड होते आहे असे दिल्लीत बहुतेकांना वाटू लागले.

या घाईत एक गोष्ट राहून गेली. मसुदा व्हाइसरॉयची संमती मिळण्याआधीच काँग्रेस नेत्यांच्या हाती गेला होता. लिनलिथगो यांना क्रिप्स यांचा उत्साह आधीच खुपत होता. आपल्या कार्यकारी मंडळाची फेररचना एक बाहेरचा मंत्री आणि एक परदेशी कर्नल परस्पर ठरवत आहेत, हे त्यांनी लंडनला कळवले. योगायोग असा की, त्याच सुमारास रूझवेल्ट यांचे सर्वांत विश्वासू सहकारी हॅरी हॉपकिन्स युद्धयोजनांच्या चर्चेसाठी लंडनमध्ये होते. चर्चिल यांनी त्यांना नेमका प्रश्न विचारला आणि हॉपकिन्स यांनी उत्तर दिले की जॉन्सन हे भारतीय प्रश्नात मध्यस्थी करण्यासाठी अध्यक्षांचे प्रतिनिधी म्हणून गेलेले नाहीत. हॉपकिन्स यांना युरोपातील आघाडीबाबत चर्चिल यांचे सहकार्य हवे होते आणि त्या मोठ्या हिशेबापुढे दिल्लीचा मसुदा त्यांना किरकोळ वाटला असणार. चर्चिल यांनी हे उत्तर तातडीने दिल्लीला कळवले. कोर्टात पक्षकाराच्या बाजूने जोरदार युक्तिवाद चालू असावा आणि ऐनवेळी पक्षकाराच्याच माणसाने या वकिलाला आम्ही वकालतनामा दिलेला नाही असे सांगावे, तशी जॉन्सन यांची स्थिती झाली.

तडजोड फिसकटली याचे सगळे माप मात्र हॉपकिन्स यांच्या पदरात घालता येत नाही. ९ एप्रिलच्या संध्याकाळी आझाद आणि नेहरू क्रिप्स यांना भेटले, तेव्हा चर्चा संरक्षणाच्या वाटणीवरून दुसऱ्याच मुद्द्यावर गेली. नवे कार्यकारी मंडळ मंत्रिमंडळासारखे चालेल का, म्हणजे व्हाइसरॉय इंग्लंडच्या राजाप्रमाणे मंत्र्यांच्या सल्ल्याने वागतील, निदान तसा संकेत पाळला जाईल, याची हमी काँग्रेसला हवी होती. संकेत म्हणजे कायद्यात न लिहिलेला पण राज्यव्यवहारात बंधनकारक मानला जाणारा नियम. क्रिप्स यांच्या आधीच्या बोलण्यातून अशी हमी मिळेल असा समज झाला होता, पण लंडनच्या युद्धमंत्रिमंडळाने त्यांचे हात बांधल्यावर त्यांना ती देता आली नाही. १० एप्रिलला काँग्रेसचे नकाराचे पत्र गेले, १२ तारखेला क्रिप्स भारतातून निघाले. क्रिप्स यांना थांबवून आणखी एक प्रयत्न करावा, असा रूझवेल्ट यांचा संदेश हॉपकिन्स यांच्यामार्फत चर्चिल यांच्या हाती पडला तो १२ तारखेच्या पहाटे तीन वाजता, म्हणजे सगळे आटोपल्यावर, आणि त्याने चर्चिल इतके चिडले की त्यांनी राजीनाम्याची भाषा केली. जॉन्सन यांच्या बाजूने इतके म्हणता येते की शेषाधिकाराचे कोडे त्यांनी सोडवले होते. व्हाइसरॉयचा नकाराधिकार हे त्याहून कठीण कोडे होते, आणि ते मसुद्याने सुटणारे नव्हते, कारण तेथे प्रश्न शब्दांच्या मांडणीचा उरला नव्हता, लंडनच्या मनाचा होता. जॉन्सन यांनी हे ओळखले, पण उशिरा: चर्चा यशस्वी व्हावी असे लंडनला मुळात वाटतच नव्हते, असा अहवाल त्यांनी वॉशिंग्टनला पाठवला.

त्यानंतर महिनाभर ते दिल्लीत राहिले, नेहरूंशी त्यांचा संपर्क चालू होता आणि अध्यक्षांनी पुन्हा हस्तक्षेप करावा म्हणून त्यांनी तारा पाठवल्या. रूझवेल्ट यांनी मानले नाही. मेमध्ये प्रकृतीच्या कारणाने जॉन्सन अमेरिकेला परतले आणि पुन्हा आले नाहीत. त्यांच्या जागी १९४३ च्या आरंभी आलेले विल्यम फिलिप्स हे मुरलेले मुत्सद्दी होते. गांधीजींच्या उपोषणाच्या काळात त्यांना आगाखान पॅलेसमध्ये भेटण्याची परवानगीही व्हाइसरॉयने फिलिप्स यांना दिली नाही, यावरून जॉन्सन यांच्या अपयशाचे कारण केवळ त्यांचा उतावळेपणा नव्हता, हे दिसते.

त्याआधी, १९४२ च्या १४ जुलैला वर्ध्यात कार्यसमितीने आणि ८ ऑगस्टला मुंबईत महासमितीने ‘छोडो भारत’चा ठराव केला आणि ९ ऑगस्टच्या पहाटे धरपकड झाली. मुंबईहून निघालेल्या खास गाडीतून गांधीजींना चिंचवडला उतरवले गेले, कार्यसमितीच्या सदस्यांना पुढे नेण्यात आले. पुणे सोडून दौंडला वळल्यावर नगरच्या वेशीवर केडगाव लागते, रेणुकामातेच्या देवस्थानामुळे पंचक्रोशीत परिचित असलेले आणि आता नगर महापालिकेच्या हद्दीत आलेले. पुण्याचा रस्ता आणि दौंडकडून येणारा लोहमार्ग दोन्ही या केडगावच्या बाजूनेच शहरात येतात, तर किल्ला शहराच्या पलीकडच्या, भिंगार छावणीच्या अंगाला आहे. एका टोकाला रेल्वे, दुसऱ्या टोकाला लष्करी छावणी आणि मध्ये खंदकाने वेढलेला किल्ला, ही रचना सरकारच्या सोयीची होती. कैद्यांना सुरुवातीचे काही आठवडे वर्तमानपत्रे व पत्रव्यवहार बंद होता.

किल्ल्यात आणलेल्या १२ जणांत आझाद, नेहरू, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, असफ अली, सय्यद महमूद, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, पट्टाभि सीतारामय्या, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि महाराष्ट्राचे शंकरराव देव होते. यांपैकी निदान निम्म्यांनी कायद्याचे शिक्षण घेतलेले होते, पण त्यांना ज्या तरतुदीखाली ठेवले त्यात वकिलीला वावच नव्हता. भारत संरक्षण नियमांतील २६ वा नियम सरकारला आरोपपत्र व खटला यांशिवाय माणसाला स्थानबद्ध करण्याचा अधिकार देत असे. हा नियम मूळ कायद्याच्या मर्यादेबाहेर जातो आणि म्हणून रद्दबातल आहे, असा निर्णय सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांच्या संघ न्यायालयाने २२ एप्रिल १९४३ रोजी केशव तळपदे यांच्या खटल्यात दिला. संघ न्यायालय हे १९३५ च्या कायद्याने स्थापन झालेले, आजच्या सर्वोच्च न्यायालयाचे पूर्वरूप. निर्णय धाडसी होता, पण त्याचा उपयोग आठवडाभरही टिकला नाही, कारण २८ एप्रिललाच व्हाइसरॉयने वटहुकूम काढून नियमातील उणीव भरून काढली आणि आधीच्या स्थानबद्धताही वैध ठरवल्या. वेगळ्या शब्दांत तोच अनुभव: युक्तिवाद जिंकता येत होता, सत्ता जागची हलत नव्हती.

क्रिप्स-जॉन्सन वाटाघाटींचा एक विचित्र अवशेष दिल्लीत मात्र उरला. जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयने कार्यकारी मंडळ वाढवले, तेव्हा सरसेनापती युद्धसदस्य आणि सर फिरोजखान नून हे संरक्षण सदस्य अशी विभागणी खरोखरच झाली. काँग्रेसने नाकारलेली चौकट काँग्रेसविना अमलात आली. त्याच फेररचनेत डॉ. आंबेडकर मजूर सदस्य झाले. मंडळात यवतमाळचे वकील लोकनायक बापूजी अणे १९४१ पासून होते. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला आणि त्याच वर्षी भारताचे प्रतिनिधी म्हणून ते सिलोनला गेले. मराठी वकिलाने परदेशात भारताची बाजू सांभाळल्याचे हे महत्त्वाचे उदाहरण असून त्यावर स्वतंत्रपणे लिहिले जायला हवे.

किल्ल्यातील १२ जणांपैकी एकाचे पुढचे आयुष्य जॉन्सन यांच्या कथेला उलट बाजूने जोडले जाते. असफ अली यांचा जन्म १८८८ चा. लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन ते दिल्लीत वकिली करू लागले आणि १९२९ च्या असेंब्ली बाँब खटल्यात बचावपक्षाचे वकील म्हणून त्यांचे नाव देशभर झाले. ९ ऑगस्ट १९४२ ला त्यांना मुंबईत अटक झाली, त्याच सकाळी त्यांच्या पत्नी अरुणा यांनी गवालिया टँकवर तिरंगा फडकावला आणि त्या भूमिगत झाल्या. सुटकेनंतर आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरील खटल्यात असफ अली बचाव समितीचे निमंत्रक होते, सप्टेंबर १९४६ च्या हंगामी सरकारात रेल्वे व वाहतूक मंत्री होते, आणि फेब्रुवारी १९४७ मध्ये ते भारताचे पहिले राजदूत म्हणून वॉशिंग्टनला गेले. तेव्हा भारत औपचारिकदृष्ट्या अजून स्वतंत्र झालेला नव्हता, पण हंगामी सरकारने अमेरिकेशी पूर्ण राजदूतांची देवाणघेवाण आधीच ठरवली होती आणि अमेरिकेकडून दिल्लीला आले ते हेन्री ग्रेडी, म्हणजे १९४२ मध्ये तांत्रिक मंडळ घेऊन आलेलेच गृहस्थ. असफ अली यांचा वॉशिंग्टनमधील कार्यकाळ, खरे सांगायचे तर, फार उजळ नव्हता. एप्रिल १९४८ मध्ये ते परतले, नंतर ओडिशाचे राज्यपाल झाले, आणि १९५३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये भारताचे दूत असताना बर्न येथे त्यांचे निधन झाले.

भारतातून परतलेले जॉन्सन काही वर्षे जनरल डायस्टफ कॉर्पोरेशन या मूळच्या जर्मन हितसंबंधांच्या, पण युद्धकाळात अमेरिकन सरकारने ताब्यात घेतलेल्या रंग कंपनीचे अध्यक्ष होते. १९४८ च्या निवडणुकीत हॅरी ट्रुमन हरणार असे बहुतेकांना वाटत होते तेव्हा जॉन्सन यांनी त्यांच्यासाठी निधी गोळा करण्याची जबाबदारी घेतली आणि २८ मार्च १९४९ रोजी ते अमेरिकेचे दुसरे संरक्षणमंत्री झाले. दिल्लीत त्यांनी सोडवू पाहिलेला प्रश्न येथे त्यांच्यासमोर नव्या रूपात उभा राहिला: भूदल, नौदल आणि हवाईदल यांनी आपापली सत्ता राखून उरलेले मंत्र्याला द्यायचे, की सगळे मंत्र्याकडे आणि वगळलेले तेवढे दलांकडे? १९४९ मध्येच पुढे झालेल्या दुरुस्ती कायद्याने मंत्र्याचे अधिकार वाढवले. पण तो होण्याआधीही जॉन्सन यांनी हाती असलेला अधिकार सबुरीने वापरला नाही. पद घेऊन महिनाही झाला नव्हता, तोच त्यांनी नौदलाची बांधणीस घेतलेली प्रचंड विमानवाहू नौका नौदलाच्या मंत्र्याला न विचारता रद्द केली, त्या मंत्र्याने राजीनामा दिला आणि वरिष्ठ नौदल अधिकाऱ्यांनी अमेरिकन काँग्रेसच्या, म्हणजे तेथील संसदेच्या, समितीपुढे उघड तक्रारी मांडल्या. खर्चकपातीसाठी त्यांनी सैन्य आखडते घेतले असतानाच २५ जून १९५० रोजी कोरियात युद्ध पेटले आणि अपुऱ्या तयारीचा सारा दोष त्यांच्या माथी आला, जरी कपातीच्या धोरणामागे ट्रुमन यांचीच संमती होती. १९ सप्टेंबर १९५० रोजी ट्रुमन यांनी त्यांना राजीनामा द्यायला लावला आणि त्यांच्या जागी जनरल जॉर्ज मार्शल यांना आणले. मार्शल हे एप्रिल १९४२ मध्ये हॉपकिन्स यांच्यासोबत लंडनमध्ये होते. जॉन्सन पुन्हा आपल्या वकिली संस्थेत कामाला लागले आणि २४ एप्रिल १९६६ रोजी वॉशिंग्टनमध्ये त्यांचे निधन झाले.